डावा कान, उजवा कान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गिटार हातात धरलेली माणसं आपल्यात थोडी असतील, पण गिटार ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. गणपतीच्या मांडवात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात, कारखान्याच्या बसमध्ये लागलेल्या गाण्यात ती कुठं ना कुठं असतेच. आता समजा मी विचारलं, की आत्ता ऐकलेल्या गाण्यात गिटारी किती होत्या, तर तुम्ही सहज म्हणाल, एक होती की! हे उत्तर बहुतेक वेळा चुकतं. साध्यासुध्या गाण्यातही चार-पाच गिटारी एकमेकींवर रचलेल्या असू शकतात. आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या वाजवणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

ही रचना कशी होते, ते आज सांगायचं आहे. मी काही संगीतातला पंडित नव्हे. भोसरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स खात्यात नोकरी केली आणि तेवढीच वर्षं सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवली. निवृत्तीनंतर चिंचवडला एका खोलीत छोटासा स्टुडिओ थाटला आहे. तिथं येणारी मुलं बहुतेक चाकण, तळवडे, भोसरी, आकुर्डी इथल्या कारखान्यांमधली. कुणी ट्रेनी, कुणी कॉन्ट्रॅक्टवर. फर्स्ट शिफ्ट संपवून, तोंडावर पाणी मारून, पाठीला गिटार लावून येतात. तेव्हा मी सांगणार आहे ते या खोलीतलं आहे.

आधी रिदम आणि लीड हा फरक समजून घेऊ. आपल्या पट्ट्याच्या एका बाजूला देहू आहे, दुसऱ्या बाजूला आळंदी. त्यामुळं उदाहरण शोधायला लांब जायला नको. भजन चाललेलं असतं. एक जण अभंग म्हणतो, मधेच वर जातो, एखादी जागा घेतो, आपण मान डोलावतो. मागं टाळकरी उभे असतात. त्यांच्याकडं कुणी बघत नाही. पण टाळ थांबले तर त्या गाणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. रिदम गिटार म्हणजे टाळकरी. सहा तारांवर एकदम हात फिरवून स्वरांचा जुडगा, म्हणजे कॉर्ड, वाजवायचा आणि तो लयीत वाजवत राहायचा. लीड म्हणजे एकेका तारेवर सूर काढत जाणारी, गाण्याच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत बोलणारी गिटार. लोकांना आठवते ती लीड. गाणं उभं असतं ते रिदमवर.

याचा एक नमुनाच सांगतो. भानू गुप्ता हे नाव किती जणांना ठाऊक आहे? १९७५ च्या ‘शोले’त अमिताभ बच्चन पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो ना, ते वाजवणारे भानू गुप्ता. ते सूर देशभर लोकांच्या डोक्यात बसलेत. पण राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भानूदांची रोजची भाकरी होती रिदम गिटारची. शेकडो गाण्यांमध्ये ती आहे आणि आपण ती ऐकलीय, फक्त ऐकतोय हे कळलं नाही. रमेश अय्यर यांचंही तसंच. उलट, लीडवाल्याचं नाव थोडं तरी उरतं. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. ते गायक म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्याआधी ते आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर गिटारवादक होते, हे नभोवाणीवरून बोलताना मुद्दाम सांगावंसं वाटतं. आणि १९८० च्या ‘कर्ज’मध्ये तर गिटारच्या एका सुरावटीवर सगळी गोष्टच उभी आहे. मागच्या जन्माची आठवण जागी होते ती त्या सुरांनी. ते वाजवलं होतं गोरख शर्मा यांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींच्या धाकट्या भावानं.

त्या काळी मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा मेहबूब स्टुडिओत रेकॉर्डिंग व्हायचं, तेव्हा पन्नास-साठ, कधी शंभर वादक एकाच वेळी बसायचे. गायक केबिनमध्ये. सगळे एकदम वाजवणार, गायक एकदम गाणार. शेवटच्या ओळीत कुणाची एक तार चुकीची लागली तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यात रिदम गिटारवाल्याची परीक्षा वेगळीच असे. लीडवाला त्याचा पीस आला की वाजवी आणि बसे. रिदमवाल्याचा उजवा हात पाच मिनिटं सलग हलता आणि सारखा हलता राहायला हवा. दहाव्या टेकलाही पहिल्या टेकसारखाच.

आज ही पद्धत फारशी उरलेली नाही. एकेक वाद्य वेगवेगळं, सवडीनं ध्वनिमुद्रित होतं आणि नंतर एकत्र केलं जातं. याची मुळं शोधत गेलो तर आपण पुन्हा एका गिटारवाल्यापाशीच पोचतो. अमेरिकेत लेस पॉल नावाचा कलंदर होता. १९४८ मध्ये त्यानं ‘लव्हर’ नावाची एक तबकडी काढली. तिच्यात आठ गिटारी आहेत आणि आठही त्याच्याच. त्यानं एक गिटार तबकडीवर मुद्रित केली, मग ती वाजत असताना तिच्याबरोबर दुसरी वाजवून ते दोन्ही दुसऱ्या तबकडीवर घेतलं, मग तिसरी. चुकला की आधीचं सगळं मुसळ केरात. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा उजवा कोपर चुराडा झाला. डॉक्टर म्हणाले, हात आता कोपरात वाकणार नाही. तो म्हणाला, मग गिटार धरता येईल अशा कोनात बसवून टाका. आणि तसा बसवला गेला. पुढं आठ ट्रॅकचं टेप मशीन त्याच्याच कल्पनेतून आलं. आज माझ्या खोलीतला संगणक हवे तितके ट्रॅक घेतो. पण कल्पना तीच, लेस पॉलची.

आता प्रत्यक्ष काम.

मुलगा आला की पहिल्यांदा तारा बघायच्या. जुन्या तारांचा आवाज मेलेला असतो आणि त्या सुरातही राहत नाहीत. मग सूर लावायचा, आणि तो एकदाच नव्हे, प्रत्येक टेकच्या आधी. मुलांना याचा कंटाळा येतो. कानावर हेडफोन चढवायचा. त्यात टक टक असा ठोका चालू असतो, त्याला क्लिक म्हणतात. त्या ठोक्यावर आधी रिदम वाजवून घ्यायची.

लाकडी, पोकळ गिटार असेल तर नवशिका माणूस माइक गिटारच्या भोकासमोर धरतो. आवाज तिथून येतो ना! पण तिथं सगळा गुबगुबीत घुमारा येतो, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. माइक ठेवायचा तो दांड्याच्या बाराव्या पडद्यासमोर, साधारण फूटभर अंतरावर. तिथं तारेची चमक आणि पेटीचा भरीवपणा दोन्ही मापात मिळतात. इलेक्ट्रिक गिटार असेल तर माइक असतो तिच्या अँप्लिफायरच्या स्पीकरसमोर, जाळीपासून दोन बोटं. शूअर कंपनीचा एसएम ५७ नावाचा साधा, दणकट माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि या कामाला जगभर तोच वापरतात. हातातून पडला तरी चालतो, म्हणून मला तो विशेष आवडतो. हा माइक स्पीकरच्या मधोमध धरला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला की मऊ होत जातो. इंचाइंचाचा फरक आहे. मशीनवर ज्यानं जॉब सेट केला आहे त्याला हे चटकन कळतं. बाकीच्यांना समजवायला वेळ लागतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज चिरकवतात ना, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात, तो रेकॉर्डिंगला स्टेजपेक्षा कमी ठेवायचा. कारण एकावर एक चार गिटारी चढल्या की कमी ठेवलेलंही पुष्कळ होतं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रिदमची गिटार एकदा वाजवून घेतली, की तीच परत वाजवायची. तेच कॉर्ड, तीच लय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पहिली डाव्या कानात टाकायची, दुसरी उजव्या कानात. असं केलं की गाणं एकदम रुंद होतं. मधली जागा गाणाऱ्यासाठी मोकळी राहते. येणारा प्रत्येक मुलगा इथं अडतो. म्हणतो, “काका, तेच कॉपी करून उजवीकडं टाका की. परत कशाला वाजवू?” मी लगेच तसं करून दाखवतो. डावीकडं तेच, उजवीकडं तेच, आणि मुलगा बघत राहतो, कारण गिटार डावीकडं नाही, उजवीकडं नाही, नाकासमोर मधोमध येऊन बसलेली असते. दोन्ही कानांना अगदी एकसारखा आवाज मिळाला, की मेंदू म्हणतो, ही एकच वस्तू आहे आणि समोर आहे. दोन वेळा खरोखर वाजवलं तर हात कितीही तयार असला तरी कुठं सेकंदाचा शंभरावा भाग मागं, कुठं पुढं, कुठं एक तार जरा जोरात, असा फरक पडतोच. त्या फरकानं रुंदी येते. दिंडीत टाळकरी दोन्ही बाजूंना ओळीनं उभे असतात, त्यांचे टाळ एकाच क्षणी पडतात असं आपण म्हणतो, पण ते तसे पडत नाहीत. म्हणून तर तो आवाज आपल्याला चहूबाजूंनी घेरतो. एकाच टाळकऱ्याला आरशासमोर उभं करून दिंडी होत नाही, एवढं सांगितलं की मुलगा निमूटपणे पुन्हा वाजवायला लागतो.

रिदम, ढोलक किंवा ड्रम, बेस हे झालं, गाणाऱ्यानं गाऊन घेतलं, की मग लीड. लीड शेवटी घ्यावी या मताचा मी आहे. गिटारचा वरचा आवाज आणि माणसाचा गळा कानाच्या एकाच पट्ट्यात येतात, दोघं एकदम बोलायला लागले तर भांडण होतं. गळा आधी झाला असेल तर लीडवाल्याला कळतं कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं. लीड सहसा एकदाच वाजवतात, मधोमध किंवा किंचित बाजूला ठेवतात, मागं थोडा प्रतिध्वनी जोडतात. चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा घेता येतो. टेपच्या काळात त्यासाठी रेकॉर्डिस्टला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागे, आणि अर्धा सेकंद उशीर झाला तर चांगलं वाजलेलं पुसलं जाई. आता संगणकावर सात टेक घेऊन त्यांतले तुकडे जोडता येतात. पुष्कळ जण जोडतात. मला ते रुचत नाही. सूर बिनचूक असतात, पण श्वास कुठं तुटला ते ऐकू येतं.

आमच्या पट्ट्यात या सगळ्याच्या जोडीला एक जादा वादक कायम हजर असतो. तो म्हणजे वीज. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. अर्थिंग नीट नसेल, शेजारी वेल्डिंग चाललं असेल, की गिटारच्या पिकअपमध्ये ती गुणगुणायला लागते. हूंऽऽ असा अखंड आवाज. पाश्चात्त्य स्वरांमध्ये हा सूर ‘जी’च्या जरा वर पडतो. सुरात असता तर तानपुरा म्हणून चालवून घेतला असता! मी त्याला एमएसईबीचा तानपुरा म्हणतो. कंपनीचं नाव कधीच बदललं, पण आमच्याकडं लोक अजून एमएसईबीच म्हणतात. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनियरनं यावर फार सुंदर उपाय काढला. गिटारच्या पिकअपमध्ये एकाऐवजी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या. तारेचा आवाज दोघींमध्ये मिळून वाढतो, विजेची गुणगुण एकीची दुसरीला खाऊन टाकते. याला हंबकर म्हणतात. मोटर वाइंडिंग केलेल्या माणसाला हे ऐकून फार आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

गुणगुणीवर हंबकर आहे, पण पॉवर प्रेसवर नाही. मागच्या गल्लीत एक वर्कशॉप आहे. तिथला प्रेस पडला की धक्का हवेतून येत नाही, जमिनीतून येतो, माइकच्या पायातून वर चढतो. रबरी पट्ट्या घातल्या, फरशीवर दुसरी लाकडी जमीन केली. थोडा फरक पडला. शेवटी नाजूक काम गुरुवारी ठेवायला लागलो, कारण आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा वार. पण दुरुस्तीसाठी वीज घालवतात तीही पुष्कळदा गुरुवारीच. त्यामुळं शांतता असते तेव्हा वीज नाही आणि वीज असते तेव्हा शांतता नाही. यावर उपाय सापडलेला नाही.

पॉवर प्रेसचं नाव निघालं म्हणून पुढचं सांगतो.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम हे आपल्या पिंपरी-चिंचवडसारखंच मोटारींचं, पत्र्याचं, लोखंडाचं शहर. तिथं १९६५ मध्ये टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. गिटार वाजवायचा, बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडली होती. शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रेसवरची बाई कामावर आली नाही, तेव्हा याला तिच्या मशीनवर उभं केलं. प्रेस खाली आला आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळं तारा दाबायचा हात उजवा, आणि गेली ती त्याच हाताची. सगळ्यांनी सांगितलं, गिटार विसर. त्याच्या कारखान्याच्या मॅनेजरनं मात्र त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. जँगोचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला होता, दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो युरोपातला पहिल्या प्रतीचा लीड वाजवणारा होता. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. बारीक, हलक्या तारा लावल्या. पुढं १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तारा तीन स्वरांतरं खाली उतरवल्या, म्हणजे त्या सैल होतात आणि बोटांना कमी दुखतं. त्या सैल तारांमधून जो जड, काळा आवाज निघाला, त्यावर हेवी मेटल नावाचं सगळं घराणं उभं राहिलं. त्याच्या ब्लॅक सब्बाथ या बँडनं पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत जेमतेम एका दिवसात मुद्रित केला. बँडमध्ये गिटारवाला एकच. रिदमही त्याची, लीडही त्याची. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये या बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला, तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा आयोमी गिटार घेऊन उभा होता.

ही गोष्ट मी मुलांना सांगतो ती करमणूक म्हणून नाही. आपल्याकडं बोटं जाणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावानं अहवाल काढते, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांमध्ये जखमी होणाऱ्या कामगारांवर. ते वाचताना मला बर्मिंगहॅमचा तो दिवस आठवतो. ज्याची जागा रिकामी, त्याच्या मशीनवर हाताशी असेल त्याला उभं करायचं. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी सोय असते, तीच काढून पायाचं पेडल लावतात, कारण पीस जास्त पडतात. मेंटेनन्सच्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

माझ्याकडं येणाऱ्यांत एक मुलगा आहे, परभणीकडचा, तेवीस वर्षांचा. चाकणच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात होता. डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर प्रेसमध्ये गेलं. तो वाजवणारा उजव्या हातानं, म्हणजे तारा दाबायचं बोटच ते. तीन-चार महिने आला नाही. मग आला तेव्हा गिटार आणली नव्हती, नुसता बसून राहिला. मी काही बोललो नाही, दुसऱ्या एकाचं काम चाललं होतं ते चालू ठेवलं. जाताना विचारलं, “काका, लीड जमंल का आता?” मी म्हणालो, “लीडचं नंतर बघू. गुरुवारी गिटार घेऊन ये, आधी रिदम बसवू.”

त्याचं स्वतःचं गाणं होतं, गावाकडं जात्यावर दळणाऱ्या आजीवर. पूर्वी तो सगळी बोटं आडवी टाकून मोठे, भरलेले कॉर्ड वाजवायचा. ते आता जमेना. मग आम्ही हलक्या तारा लावल्या, सूर दोन स्वरांतरं खाली घेतले, सहा तारांऐवजी वरच्या तीनच तारांवर छोटे कॉर्ड बसवले. जाड तारांवर दोन सुरांचा कॉर्ड घ्यायचा तिथं अनामिकेऐवजी करंगळी. करंगळी दुबळी असते, तिला महिना लागला. पण इथं स्टुडिओ उपयोगी पडतो बघा. स्टेजवर हे छोटे कॉर्ड बारीक वाटले असते. स्टुडिओत वरच्या तारांचे डावीकडं, जाड तारांचे उजवीकडं, असे वेगवेगळे वाजवून घेतले. एका हाताला जे एका वेळी जमत नव्हतं ते दोन वेळा मिळून झालं. उजवीकडची गिटार किंचित मागं पडत होती, करंगळीमुळं. संगणकावर ती पुढं ओढून ठोक्यावर बसवणं दोन मिनिटांचं काम. त्याला तसं ऐकवलं आणि आधीचंही ऐकवलं. तो म्हणाला, आधीचंच राहू द्या, जातं असंच फिरतं. मलाही तसंच वाटत होतं.

लीडला सात टेक झाले. तार खेचून सूर चढवायचा असतो, ते काम त्याचं अनामिका करायची. आता मधलं बोट करतं आणि तर्जनी त्याला मागून रेटते. त्यामुळं सूर पूर्वीसारखा झपकन चढत नाही, हळू चढतो. तिसरा टेक ठेवला. तुकडे जोडले नाहीत.

या मुलाच्या कामात मला दुसऱ्या एका मुलाची मदत घ्यावी लागली, त्याचं कारण माझा डावा कान. आमच्या वेळी प्रेस शॉपमध्ये कानात घालायला मिळे तो कापसाचा बोळा. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे, पण प्रेस कायदा वाचून पडत नाही. अशा गोंगाटानं कान सगळा एकदम जात नाही. पहिल्यांदा जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग, म्हणजे बराच वरचा, बारीक आवाज. कान तपासला की तिथं आलेख खड्ड्यासारखा खाली जातो. बोलणं ऐकू येतं, त्यामुळं माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही; फक्त बायको म्हणते, टीव्ही केवढ्यानं लावता. आणि गिटारच्या तारेवर पिक घासल्याची जी चमक असते, ती नेमकी त्याच भागात. माझ्या दोन्ही कानांत तो खड्डा आहे, डाव्यात जास्त. वाजवून घेण्याचं काम मी करू शकतो. पण शेवटी सगळ्या वाद्यांचं माप ठरवायचं, ज्याला मिक्सिंग म्हणतात, तिथं डावीकडची गिटार मला कायम मंद वाटते आणि मी ती वाढवत जातो. म्हणून वीस-बावीस वर्षांचे कान शेजारी बसवतो. तो म्हणतो, “काका, डावीकडं लई किरकिरतंय.” मी निमूटपणे खाली घेतो.

येणाऱ्या मुलांसाठी एक नियम त्यामुळं केला आहे. पाळी संपवून थेट आलेल्या मुलाला वाजवू देतो, मिक्सिंगला बसू देत नाही. गोंगाटातून आल्यावर काही तास कान बधिर असतो, त्याला वरचा आवाज कमी येतो, मग तो सगळंच चढवून ठेवतो; दुसऱ्या दिवशी ऐकलं की तेच कानात टोचतं. हेडफोनचं बटणही मी माझ्याकडं ठेवतो. यावरून थोडी कुरबुर होते. प्लग वापरतोस का, हे मात्र प्रत्येकाला विचारतो. मिळतात, पण घाम येतो, सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही, अशी उत्तरं असतात. मी फोमचे प्लग डब्यात भरून दाराशी ठेवले आहेत, लिमलेटच्या गोळ्यांसारखे. जाताना घेऊन जातात. पुढं कानात जातात का खिशात राहतात, मला माहीत नाही.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? रिदम गिटार आता कीबोर्डवरही मिळते. एक बटण दाबा, बिनचूक वाजते, दमत नाही, बोटं जात नाहीत. खरं आहे. ऑर्केस्ट्रात पैसे वाचवायची वेळ आली तेव्हा पहिली गदा आम्हा रिदमवाल्यांवरच आली, आणि लोकांनी तक्रार केली नाही, कारण आम्ही होतो हेच कुणाला माहीत नव्हतं. लीडवाला उभा राहिला, रिदमवाल्याची खुर्ची गेली. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा भोसरीच्या लांडगे नाट्यगृहात गाण्यांचा कार्यक्रम असला तर जरूर जा आणि रिदम गिटारवाला बसला आहे का, तेवढं बघा. बसला असेल तर दोन मिनिटं गाणाऱ्याकडं दुर्लक्ष करून नुसता त्याचा उजवा हात ऐका.

परभणीकरांचं गाणं आता जवळजवळ तयार आहे. माझ्या खोलीतल्या स्पीकरवर चांगलं वाजतं, पण त्यावर विश्वास ठेवून चालत नाही, कारण ऐकणारे काही माझ्या खोलीत येणार नाहीत. ते मोबाइलवर ऐकणार. तेव्हा गेल्या आठवड्यात आम्ही ते त्याच्या फोनवर घातलं आणि भोसरीहून चाकणच्या वडापच्या रिक्षात बसलो. ओळखीचा ड्रायव्हर होता, त्यानं आपल्या स्पीकरला जोडून दिलं. बेस गायब झाला, तो होतोच. आजीवरचे शब्द समजत होते. डावी-उजवी तिथं काही नव्हतीच, एकच स्पीकर, तोही सीटखाली. मोशीच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, “काका, रिदम ऐकू येतीय. लीड मात्र अर्धा पॉइंट वाढवा.” शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, “अहो, जरा बारीक करा तो आवाज.” ड्रायव्हरनं बारीक केला. तरी रिदम येत होती.